वायोंत धरण फुटले नव्हते
इटलीतले वायोंत धरण १९६३ साली फुटले, असे आजही सांगितले जाते. ते चूक आहे. सुमारे २६२ मीटर उंचीची ती काँक्रीटची कमान अजून उभी आहे, फक्त माथ्याला थोडी इजा झाली.

कोसळला तो डावीकडचा मोंते तोक डोंगर. चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पदर होते. जलाशयाची पातळी चढवली-उतरवली तसा आतल्या पाण्याचा दाब बदलत गेला आणि उतार सरकू लागला. १९६० मध्येच सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग दिसली होती! ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर दरड जलाशयात घसरली. धरणावरून उसळलेल्या लाटेने पियावे नदीच्या खोऱ्यातले लाँगारोने गाव पुसले. सुमारे १,९०० माणसे गेली. भिंत भक्कम होती, काठ तपासण्यात चूक झाली.