इग्वाना घरी आणताय? नोंदणीचे ३० दिवस, कागदपत्रं आणि पिंजऱ्याची तयारी

इग्वाना हा मोठा विदेशी सरडा घरात आला की ३० दिवसांच्या आत त्याच्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो, आणि अडचण अशी की हेच ३० दिवस ते पिल्लू सगळ्यात जास्त घाबरलेलं असतं. कागदांसाठी फोटो हवेत, ओळखीची खूण हवी, आणि पिल्लाला मात्र हात लावायचा नसतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पिंजरा आणि कागद दोन्ही आधी तयार करा, प्राणी नंतर आणा.

आधी कायदा थोडक्यात. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि तो सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून सायटीसच्या यादीतले प्राणी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने कलम ४९-एम प्रमाणे तो कळवायचा आणि नोंदवायचा. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली, आता नवीन आणणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून ३० दिवस. नोंदणी न करता ठेवणं हा कायद्याचा भंग आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्यामुळे "छोटा तर आहे, बघू नंतर" असं करू नका.

आता हा अर्ज कुणाला करता येतो आणि कशासाठी, तर कुठलीही व्यक्ती स्वतःच्या नावाने करू शकते, फक्त ज्याच्या नावावर बिल त्याच्याच नावावर अर्ज असू दे. पुष्कळ घरी प्राणी मुलाच्या हट्टाने येतो आणि बिलावर मुलाचंच नाव पडतं, तसं न करता घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने घ्या. आणि हे नीट समजून घ्या की ही नोंदणी विदेशी प्राण्यांची आहे. आपली घोरपड अनुसूची १ मधली, ती घरात ठेवणंच गुन्हा, तिला कुठलीही नोंदणी नाही. स्टार कासव आणि आपले पोपट यांचंही तेच. कुणी "हिरवी घोरपड" म्हणून काही विकत असेल तर तिथून सरळ निघून या. दुसरं म्हणजे रॉक इग्वाना, म्हणजे सायक्लुरा, हे परिशिष्ट १ मधले, त्यांचे नियम जास्त कडक, मी खाली जे लिहितोय ते साध्या हिरव्या इग्वानाबद्दल. लाल, निळा, अल्बिनो असं वेगवेगळ्या भावाने विकतात ते बहुतेक रंगाचेच प्रकार असतात, प्रजात एकच, फॉर्ममध्ये इग्वाना इग्वाना हेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं.

अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश २.० या पोर्टलवर ऑनलाइन होतो, हाताने कुठे द्यायचा नाही. स्वतःचं लॉगिन तयार करायचं, राज्य निवडायचं, अर्ज त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्राचं ऑफिस नागपूरला आहे पण त्यासाठी पुणे-मुंबईहून नागपूरला जावं लागत नाही. फी १००० रुपये, परत मिळत नाही, म्हणून सबमिट करायच्या आधी सगळं दोनदा वाचा. पत्ता प्राणी प्रत्यक्ष जिथे राहणार तोच द्या. आधारवर गावचा पत्ता आणि इग्वाना ठाण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, असं असेल तर भाडेकरार सोबत ठेवा, कारण अधिकारी जागा बघायला येऊ शकतात.

कागदांमध्ये ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सगळ्यांकडे असतो, खरी अडचण येते ती प्राणी कुठून आला या पुराव्यात. माझं स्वतःचं सांगतो. मला दुकानातून जे बिल मिळालं त्यावर नुसतं "ग्रीन लिझर्ड १ नग" लिहिलं होतं, ना प्रजात, ना विकणाऱ्याच्या नोंदणीचा उल्लेख. घरी येऊन फॉर्म उघडला तेव्हा लक्षात आलं, मग दोन चकरा मारून बिल नवीन करून घेतलं आणि त्यात बारा दिवस गेले. म्हणून पैसे द्यायच्या आधीच बघून घ्या की बिलावर शास्त्रीय नाव, तारीख, संख्या आणि विकणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता आहे, आणि प्राणी त्याच्याकडे नोंदलेला आहे त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. त्याने पिल्लं स्वतः काढली असतील तर पिल्लांच्या जन्माची नोंद त्याने केलेली असली पाहिजे. बाहेरून आयात केलेला म्हणत असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना आणि निघालेल्या देशाचा सायटीस परवाना, दोन्हीच्या प्रती. यातलं काहीच न देता "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, प्राणी कितीही आवडला असला तरी. विदेशी प्राण्यांसाठीच्या २०२० च्या ऐच्छिक घोषणा योजनेत ज्यांनी माहिती दिली होती त्यांनी ते पत्र जपून ठेवा, त्यांच्यासाठी तोच पुरावा आहे. आणि ज्यांची मुदत चुकली त्यांनी लपवत बसण्यापेक्षा वन विभागाला लेखी कळवून पुढे कसं करायचं ते विचारलेलं बरं.

फोटोंचं काम मी असं करायला सांगतो की ताबा घेतानाच, दुकानातच उरकून टाका. पिल्लाला काचेवर चढू द्या, डावीकडून एक, उजवीकडून एक, पोटाचा एक. कानाच्या पडद्याखाली गालावर एक मोठा गोल खवला असतो, त्याच्या आजूबाजूच्या छोट्या खवल्यांची मांडणी नीट दिसेल असा जवळून फोटो घ्या. शेपटीचे पट्टे आणि अंगाचा रंग वाढताना बदलतात, ओळख म्हणून त्यांचा फारसा उपयोग नाही. माझ्या इग्वानाच्या, म्हणजे मिरचीच्या, उजव्या गालावर त्या मोठ्या खवल्याला चिकटून तीन खवले ओळीत आहेत, मी तीच खूण लिहिली. पिल्लू लहान असताना नर-मादी बघून कळत नाही, त्यामुळे अंदाजाने काही ठोकून देऊ नका, माहीत नाही तर नाही असं लिहा.

जागेचा फोटोही तयार ठेवा, आणि जागा खरीच तयार असू दे. मोठा इग्वाना शेपटीसकट पाच-सहा फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, तेव्हा पिल्लासाठी टाकी घेतली तरी पुढचा आठ फूट लांब, सहा फूट उंच पिंजरा कुठे बसणार हे आज ठरवा. उंची जास्त महत्त्वाची, तो झाडावर राहणारा प्राणी आहे, आडव्या जाड फांद्या हव्यातच. ऊन शेकायच्या जागी ३५ ते ३७ अंश, बाकी पिंजरा थोडा गार, रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका, नाशिकच्या थंडीत हे विसरून चालत नाही. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी ट्यूब रोज १० ते १२ तास, आणि ती काचेबाहेर लावून उपयोग नाही कारण काच यूव्हीबी अडवते, खिडकीतल्या उन्हाचंही तेच. हे चुकलं की हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात, आणि ते त्रास मी डोळ्यांनी बघितलेत, फार वाईट असतात. खायला फक्त झाडपाला, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, भोपळा, पालक अगदी कमी, अंडी-मांस अजिबात नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. नाकापाशी पांढरं मीठ साठलं तर घाबरू नका, जास्तीचं मीठ तो असंच शिंकून टाकतो.

आणि माणसाळवायचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे फक्त शेजारी बसा. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, तिथे त्याला उजेड-सावली कळते, वरून हात आला की त्याच्या दृष्टीने घारच आली, म्हणून हात नेहमी समोरून आणि खालून न्यायचा. शेपटी कधीच धरू नका, तुटते. मिरचीने अठराव्या दिवशी माझ्या बोटांतून जास्वंदीचं पान ओढून घेतलं, तोपर्यंत मी तिला एकदाही उचललं नव्हतं, आणि अर्ज त्याच आठवड्यात गेला.

प्रमाणपत्र आलं की काम संपत नाही. प्राणी दुसऱ्याला दिला तर ते पोर्टलवर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तर पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल जोडून कळवायचं, त्यामुळे सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर जवळपास कोण आहे हे आधीच शोधून ठेवा. सांभाळणं जमेनासं झालं तर बागेत किंवा नदीकाठी सोडून देऊ नका. फ्लोरिडात पाळलेले इग्वाना असेच सुटले आणि आज तिथे ते सगळीकडे झालेत, कालव्यांचे काठ पोखरतात. पिंजऱ्यातून पळाला, सापडत नाही, असं झालं तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ नंबरवर लगेच फोन करा आणि तो गालाच्या खवल्याचा फोटो हाताशी ठेवा.