एआयचा शिकण्यावर आणि मनावर होणारा परिणाम

चॅटजीपीटी, जेमिनाय असल्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमची सवय लागल्यावर माणसाचा अभ्यास, स्मरणशक्ती, एकटेपणा, मूड यांत काय फरक पडतो, तो सगळा या विषयात येतो. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं आणि मग ही चर्चा शाळा-कॉलेजात, घराघरात सुरू झाली. अभ्यास आणि मन हे तसे दोन वेगळे विषय, पण दोन्हीकडे फिरून प्रश्न एकच येतो: जे स्वतः डोकं लावून किंवा कुणाशी तरी बोलून मिळवायचं, ते आयतं हातात आलं की पुढे काय होतं.

शिकण्याच्या बाबतीत सगळ्यात नीट उत्तर तुर्कस्तानातल्या एका प्रयोगातून मिळतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलच्या जवळपास १००० मुलांचे तीन गट केले, नववी ते अकरावीची मुलं, विषय गणित. एका गटाला सरावाला नुसती वही-पुस्तक, दुसऱ्याला साधं जीपीटी-४ (चॅटजीपीटी ज्यावर चालायचं ते मॉडेल), आणि तिसऱ्याला असं जीपीटी-४ की ज्याला शिक्षकांनी आधीच सांगून ठेवलंय की उत्तर द्यायचं नाही फक्त हिंट द्यायची, आणि मुलं या गणितात कुठे चुकतात तेही त्याला भरवलेलं. सराव करताना साध्या जीपीटीवाल्यांचे मार्क वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के जास्त आले, हिंटवाल्यांचे तर १२७ टक्के जास्त. मग सगळ्यांचं एआय काढून घेतलं आणि परीक्षा घेतली, तेव्हा साधं जीपीटी वापरलेली मुलं कधीच एआय न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. हिंटवाली मुलं मागे पडली नाहीत, पण पुढेही गेली नाहीत, बरोबरीला राहिली, आणि ही गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. याहून काळजीची गोष्ट म्हणजे साधं जीपीटी वापरलेल्या मुलांना आपण कमी शिकलोय हे जाणवलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं पेपर बरा गेला.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या वायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच दिसतं. जर्नल पूर्ण, प्रोग्रॅम रन होतो, आउटपुट बरोबर, आणि एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा लूप इथे का लावलाय?" की समोरचा गप्प. मुलगा आळशी असतोच असं नाही, रात्रभर जागून त्याने सबमिशन पूर्ण केलेलं असतं, फक्त अडकण्याची आणि अडकलेलं सोडवण्याची जी वेळ होती ती त्याच्या वाट्याला आलेलीच नसते, आणि विषय डोक्यात बसतो तो नेमका त्या वेळेत.

२०२५ मध्ये एमआयटी मीडिया लॅबचा अभ्यास खूप गाजला. ५४ जणांना डोक्याला ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारी) टोपी लावून निबंध लिहायला दिले, त्यात चॅटजीपीटीवर लिहिणाऱ्यांच्या मेंदूच्या भागांमधली जोडणी सगळ्यात कमी दिसली आणि आत्ताच लिहिलेल्या निबंधातलं एक वाक्यही त्यांच्यातल्या बहुतेकांना नीट सांगता येईना. पण माणसं फक्त ५४, आणि 'एआयने मेंदू सडतो' अशी भाषा वापरू नका असं खुद्द संशोधकांनी सांगितलं होतं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरत राहिलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक मिळाला तर साधारण मूलही वर्गात खूप पुढे जातं हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं, अडचण फक्त एवढीच की तेवढे शिक्षक आणायचे कुठून. तालुक्याच्या गावात चांगला क्लास नसलेल्या मुलीला रात्री दोन वाजता तोच डाउट पाचव्यांदा न लाजता विचारता येतो, आणि तोही मराठीत, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणं बरोबर नाही.

आता मनाबद्दल. यंत्राशी मन मोकळं करणं नवीन नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वाइझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. तरी त्यांची सेक्रेटरी, जिने तो बनताना पाहिला होता, ती त्याच्याशी थोडंसं बोलल्यावर म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का. वाइझेनबॉम यामुळे इतके अस्वस्थ झाले की पुढे आयुष्यभर ते या प्रकाराविरुद्ध बोलत राहिले.

आजचे प्रोग्रॅम एलायझाच्या कितीतरी पुढे आहेत, आणि मुख्य धोका त्यांच्या हो ला हो करण्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट इतकं खुशामतखोर निघालं की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ते काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. मैत्रीण कधीतरी म्हणते "अगं चूक तुझीच आहे", आई रागावते, आणि त्या रागावण्यातूनच माणूस सावरतो, यंत्र मात्र रात्रभर ऐकून घेतं आणि कंटाळत नाही. ओपनएआय आणि एमआयटीने मिळून सुमारे १००० लोकांवर चार आठवडे अभ्यास केला, त्यात जे रोज जास्त वेळ बोलत होते त्यांच्यात एकटेपणा आणि यंत्रावर अवलंबून राहणं जास्त दिसलं. अर्थात आधीच एकटी असलेली माणसंच जास्त बोलत असतील हेही शक्य आहे.

उपचार म्हणून नीट बनवलं तर उपयोग होतो असंही दिसलंय. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या थेराबॉट या थेरपीसाठी बनवलेल्या चॅटबॉटची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, २१० जण होते, आणि ते वापरणाऱ्या नैराश्यग्रस्तांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली, पण तिथे संशोधक संभाषणांवर लक्ष ठेवून होते. मोबाईलवरच्या साध्या चॅटबॉटवर तसं कुणी नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६ वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनी ओपनएआयवर खटला भरला, त्याच महिन्यात इलिनॉय राज्याने एआयने थेरपी देण्यावर बंदी घातली, आणि वर्ष संपायच्या आत कॅरेक्टर एआय या काल्पनिक पात्रांशी गप्पा मारायच्या अ‍ॅपने १८ वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या.

भारतात केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनवरची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन केला की दिवसरात्र कधीही, मराठीतही, प्रशिक्षित माणूस बोलतो, पैसे लागत नाहीत.