फितीवर उरलेली श्रेणी: विशिष्ट सेवा पदकाची पार्श्वभूमी

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी सेनादलांच्या पदकांची यादी जाहीर होते आणि 'परम विशिष्ट', 'अति विशिष्ट' व नुसते 'विशिष्ट' यांत वरचे कोणते, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. हा प्रश्न १९६७ सालच्या एका निर्णयातून आला आहे.

२६ जानेवारी १९६० रोजी हे पदक सुरू झाले तेव्हा नाव एकच होते, विशिष्ट सेवा मेडल, आणि त्याच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी होत्या. जानेवारी १९६७ मध्ये श्रेणींचे आकडे गेले आणि विशेषणे आली. अशोक चक्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीला कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावे मिळाली तीही याच वेळी. माझ्या मते बदल योग्यच होता. 'तृतीय श्रेणी' म्हटले की आपल्याकडे सरकारी कचेरीतली वर्गवारी आठवते. उत्तम कामाबद्दलच्या पदकाला ते नाव शोभत नव्हते.

पण चक्रांना स्वतंत्र नावे लाभली, तसे इथे झाले नाही. एकाच शब्दाला 'परम' आणि 'अति' जोडले गेले, आणि मराठीत तो शब्दच अडतो. विशिष्ट म्हणजे आपण 'ठरावीक' समजतो: विशिष्ट वेळ, विशिष्ट रंग. पदकातला अर्थ हिंदीच्या वळणाचा, 'गौरवास्पद, उठून दिसणारी' सेवा असा आहे. 'अति'चे तर विचारूच नका. 'अति तेथे माती' ऐकत वाढलेल्या माणसाला अति विशिष्ट सेवा ही स्तुती वाटायला थोडा वेळ लागतो. शिवाय अधिकृत नावात 'मेडल' आहे आणि मराठीत सर्रास 'पदक' लिहिले जाते. मीही तेच लिहितो, कारण ते कानाला आपले वाटते.

नावाने जे झाकले ते फितीने मात्र जपले आहे. पदक गोल, ३५ मिलिमीटर व्यासाचे. एका बाजूला पाच टोकांचा तारा, दुसऱ्या बाजूला राजमुद्रा. परम सोनेरी मुलाम्याचे, अति चांदीचे, तिसरे ब्राँझचे. गणवेशावर रोज फक्त फितीची पट्टी दिसते, त्यामुळे धातू कळत नाही. ती फीत सोनेरी पिवळी असते आणि तिच्यावर गडद निळ्या उभ्या रेघा असतात: परमला एक, अतिला दोन, विशिष्टला तीन. रेघा जितक्या कमी तितके पदक वरचे. १९६० सालच्या श्रेणीचे आकडेच ते! अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्रांच्या हिरव्या फितींवरही केशरी रेघा अशाच एक, दोन, तीन आहेत.

१९८० मध्ये युद्धकाळातल्या विशेष सेवेसाठी सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा ही पदके वेगळी निघाली, आणि विशिष्ट सेवा मालिका युद्धाबाहेरच्या कामापुरती राहिली. आजच्या मानक्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्याही वर बसते, आणि रणांगणावरच्या शौर्याखातर मला हे पटत नाही. २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर 'सर्वोत्तम' पुन्हा चर्चेत आले. या नव्या पदकांना श्रेणी कधीच नव्हत्या, जन्मापासून विशेषणेच होती. तरी त्यांच्या सोनेरी फितींवर लाल रेघा आहेत, त्याच हिशेबाने: एक, दोन, तीन.