इन्स्टॉलरला एसएसडी का दिसत नाही?

बायोसमध्ये (संगणक चालू होताच आधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) एसएसडीचे नाव व्यवस्थित दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कची यादी रिकामी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे वारंवार घडते, आणि धडधाकट एसएसडी ‘खराब निघाली’ म्हणून परत जाते. एसएसडीचा यात काही दोष नसतो. डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधले थर वेगवेगळ्या काळात रचले गेले, त्यातले बरेचसे फिरत्या हार्ड डिस्कसाठी. त्यातला एखादा इन्स्टॉलरच्या ओळखीचा नसला की गाडी तिथेच अडते.

सुरुवात १९८३ पासून करावी लागते. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि पीसी डॉस २.० बरोबर मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा: ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला, २ बाइट ओळखखुणेला. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत बसवल्यामुळे सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा एमबीआरला मोजताच येत नाही.

त्याच काळातली दुसरी एक सवय एसएसडीला जास्त नडली. एका ट्रॅकवर (चकतीवरच्या एका वर्तुळावर) ६३ सेक्टर धरायचे, पहिला ट्रॅक एमबीआरसाठी सोडायचा आणि पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू करायचे. विंडोज एक्सपीपर्यंत हेच चालले. आता हिशेब करून पाहा: ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. त्याला ४,०९६ ने भागले की ७.८७५ येतात. सुरुवातीच्या अनेक एसएसडींमध्ये फ्लॅशचे पान, म्हणजे एका वेळी लिहिला जाणारा तुकडा, ४ केबीचे होते, त्यामुळे फाइल सिस्टीमचा ४ केबीचा प्रत्येक तुकडा दोन पानांवर अर्धवट पडायचा. एका पानाच्या मजकुरासाठी दोन पाने लिहायची, म्हणजे वेग कमी आणि झीज जास्त. व्हिस्टापासून पार्टिशन २०४८ क्रमांकाच्या सेक्टरवर, बरोबर १ एमबीवर, सुरू होऊ लागले आणि हा त्रास संपला. पण एक्सपीच्या वेळची डिस्क जशीच्या तशी क्लोन केली (तिची हुबेहूब नक्कल केली) तर ६३चा आकडाही सोबत येतो. क्लोननंतर सिस्टीम इन्फर्मेशन उघडून डिस्कच्या माहितीत ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ बघावा. त्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जायला हवा.

२००४ मध्ये साटासाठी (डिस्क जोडायच्या केबलच्या पद्धतीसाठी) एएचसीआय हे मानक आले; संगणकाने डिस्कशी कसे बोलायचे ते त्यात ठरते. एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे इन्स्टॉल सुरू होताच एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, नाहीतर बायोसमध्ये आयडीई मोड (आधीची जुनी पद्धत) ठेवून पुढे जावे लागे. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. हार्ड डिस्कवर त्याने फारसे बिघडत नव्हते. एसएसडी मात्र अनेक फ्लॅश चिपांवर एकाच वेळी काम करते आणि एएचसीआयची ३२ आज्ञांची रांग तिला खरोखर कामी येते. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावताना मोड आधी बदलावा आणि मग इन्स्टॉल करावे. नंतर बदलला तर निळा पडदा आणि स्टॉप कोड ७बी ठरलेला, कारण बूट होताना लागणारा ड्रायव्हर चालूच केलेला नसतो. विंडोज ८ पासून यावर उपाय सोपा आहे: पुढचा बूट सेफ मोडमध्ये होईल असे लावून ठेवायचे, बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचे आणि सेफ मोड काढून टाकायचा.

बूटची पद्धत बदलली ती यूईएफआयने, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरने. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी रचलेले ईएफआय २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेले. इथे पहिल्या सेक्टरमधला कोड चालत नाही. फर्मवेअर स्वतः एक छोटे फॅट पार्टिशन (फॅट ही जुनी, साधी फाइल सिस्टीम) वाचते आणि त्यातली फाइल चालवते. सोबतच्या जीपीटीत, म्हणजे एमबीआरच्या जागी आलेल्या नव्या तक्त्यात, सहसा १२८ पार्टिशनची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. इन्स्टॉलर ‘ही डिस्क जीपीटी शैलीची आहे’ म्हणून अडला तर डिस्क पुसायची घाई करू नये; पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने चालू झालेला असतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो. ज्या ओळीच्या आधी यूईएफआय लिहिलेले असते तीच निवडावी. दुसरी साटा डिस्क लावलेली असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत तिची केबल काढून ठेवावी. नाहीतर विंडोज बूटच्या फाइली त्या डिस्कवरच्या जुन्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकते, आणि पुढे ती डिस्क काढली की नवी एसएसडी बूटच होत नाही.

एनव्हीएमई ही पीसीआय एक्सप्रेसवरून थेट जोडलेल्या एसएसडींशी बोलायची पद्धत; तिचे पहिले मानक २०११चे. विंडोज ७च्या मूळ डीव्हीडीत तिचा ड्रायव्हर नाही. शिवाय फर्मवेअरलाही स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर लागतो. तो नसलेल्या जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस कार्डातून एसएसडी लावली तर विंडोजमध्ये ती डेटासाठी छान चालते, पण बूटच्या यादीत येत नाही. अशा वेळी बूटचे पार्टिशन साटा डिस्कवर ठेवून लिनक्स एनव्हीएमईवर टाकता येते. बोर्डावर एम.२चा (छोट्या, पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट आहे म्हणून तो एनव्हीएमई घेईलच असेही नाही. काही स्लॉट फक्त साटाचे असतात; एसएसडी घेण्याआधी बोर्डाचे मॅन्युअल बघावे.

आणि आता ती रिकामी यादी. सुरुवातीला सांगितलेल्या लॅपटॉपवर इंटेलचे व्हीएमडी (प्रोसेसरमधला, डिस्क सांभाळणारा मधला थर) चालू असते आणि एनव्हीएमई डिस्क त्याच्या आड जाते. इन्स्टॉलरकडे व्हीएमडीचा ड्रायव्हर नसला की त्याला काहीच दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (व्हीएमडीचा ड्रायव्हर त्यातच असतो) उतरवून घ्यावा आणि पेनड्राइव्हवर तो उलगडून ठेवावा. नुसती सेटअप फाइल चालत नाही. फोल्डरमध्ये ‘आयएनएफ’ फाइल सुटी दिसली पाहिजे. मग डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवला की एसएसडी यादीत येते. व्हीएमडी बंद करूनही काम होते, पण कोऱ्या डिस्कवरच. त्यावर आधीचे विंडोज असेल तर पुन्हा तोच ७बी समोर येतो, आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर रिकव्हरी कीही मागितली जाते. इंटेलच्या या ड्रायव्हरच्या फोल्डरच्या नावात ‘एफ-६’ हा शब्द अजूनही सापडतो, फ्लॉपीच्या दिवसांपासून तसाच चालत आलेला.