सेव्र बिस्किट घड्याळे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तयार झालेली, ग्रीक-रोमन पुराणकथांतील पांढऱ्या मूर्तींनी सजवलेली मेजघड्याळे. ‘बिस्किट’ म्हणजे भट्टीत भाजलेले, पण वर काचेसारखी झिलई न चढवलेले पोर्सेलिन, म्हणजे उंची चिनी माती. पॅरिसजवळच्या व्हँसेन येथील पोर्सेलिन कारखान्यात 1750 नंतर लवकरच त्याच्या मूर्ती घडू लागल्या. हा कारखाना 1756 मध्ये पॅरिसजवळच्याच सेव्र येथे हलला आणि 1759 मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या मालकीचा झाला.

झिलई नसण्यातच या मूर्तींचे सौंदर्य आहे. झिलईच्या थराखाली वस्त्राच्या चुण्या आणि केसांच्या बटा बुजतात. बिस्किटात त्या रेखीव राहतात आणि दुरून संगमरवराचा भास होतो. मात्र डाग पडला किंवा तडा गेला, तर तो झाकायला काहीच नसते. मूर्तीचे भाग साच्यांतून वेगवेगळे काढून पातळ मातीने सांधत. भाजताना माती आकसते, म्हणून साचे मोठे करावे लागत आणि पुढे आलेल्या हातांना टेकू द्यावे लागत. येथील शिल्पविभाग 1757 ते 1766 पर्यंत फाल्कोने आणि 1773 पासून ब्वाझो या शिल्पकारांकडे होता.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम आणि पाँपेई या प्राचीन रोमन नगरांच्या उत्खननांनंतर रोकोको या नागमोडी, नाजूक सजावटीच्या शैलीची वळणे मागे पडली. स्तंभ, कलश व पुष्पमाला आल्या. घड्याळासाठी कथाही काळाशी नाते सांगणाऱ्या निवडत: सूर्यदेव अपोलो, खगोलविद्येची देवता युरेनिया, पंख आणि कोयता धारण करणारा वृद्ध काळ. त्या काळावर मात करणारा बाल मदन हा तर फार आवडता विषय. काही घड्याळांत तबकडीच नसते. कलशाभोवती आकड्यांची कडी फिरतात आणि सापाची जीभ वेळ दाखवते. या शैलीतील ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल.

एकच कारागीर संपूर्ण घड्याळ घडवत नसे. ब्राँझचे भाग ओतणारे वेगळे, त्यावर पाऱ्यात विरघळवलेल्या सोन्याचा मुलामा देणारे वेगळे. पाऱ्याच्या वाफेने हे मुलामा देणारे आजारी पडत. पितळी यंत्राचा लंबक बहुधा रेशमी दोऱ्याला टांगलेला असे आणि तासाला व अर्ध्या तासाला टोला पडे. मिन्याच्या पांढऱ्या तबकडीवर नाव असते ते घड्याळजीचे. मूर्तिकाराचे नाव तेथे शोधू नये.

एकोणिसाव्या शतकातील निळ्या-गुलाबी, चित्रे रंगवलेल्या घड्याळांनाही बाजारात सर्रास ‘सेव्र’ म्हणतात. त्यांतील बरीचशी इतर कारखान्यांची आहेत. अस्सल बिस्किटाचा पृष्ठभाग मंद आणि किंचित खरखरीत असतो. त्यात काजळी व धूळ रुतून बसते, म्हणून अशी घड्याळे काचेच्या घुमटाखाली जपली जातात.