शेक रोज का, आणि डुकराच्या हृदयात काय लपलं होतं

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची माणसं कॅन्सरच्या उपचाराला मिरजेत येतात, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न निघतो. "काय ते एकदाच देऊन टाका की डॉक्टर. रोज एसटीनं यायचं लई अवघड पडतंय." गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण 25 शेक, म्हणजे रेडिएशनचे डोस, असतात, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पाच आठवडे. मशीनखाली झोपायचं ते काही मिनिटं, जाण्यायेण्यात मात्र अख्खा दिवस जातो. पोटावर शाईच्या रेघा मारलेल्या असतात. त्या पुसू नयेत म्हणून बाई इतके दिवस अंग जपून धुते. मध्येच बेदाण्याची कामं निघतात, गावची जत्रा येते. तिसऱ्या आठवड्यात रक्त जायचं थांबलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, आता बरं वाटतंय ना, राहू दे दोन-चार दिवस.

या प्रश्नाला "डॉक्टर सांगतात म्हणून" हे उत्तर पुरेसं नाही. खरं उत्तर 1950 च्या दशकात काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींनी दिलं, आणि त्या पेशी याच आजारानं गेलेल्या एका बाईच्या होत्या.

हेनरिएटा लॅक्स अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतावर वाढली. पाच लेकरांची आई. 1951 च्या सुरुवातीला ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात गेली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे गाठीजवळ रेडियम या किरण सोडणाऱ्या धातूच्या नळ्या बसवल्या गेल्या. त्या बसवण्याआधी डॉक्टरांनी गाठीचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारलं नाही. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार दिवस टिकत नसत. या मात्र दिवसाला दुप्पट होत राहिल्या. हेनरिएटा 4 ऑक्टोबर 1951 ला वयाच्या 31 व्या वर्षी गेली. तिच्या पेशी 'हेला' या नावानं जगभर पोचल्या, पण घरच्यांना ते कळायला वीसेक वर्षं लागली. आज आपल्याकडे बायोप्सीआधी सहीचा कागद पुढे येतो तेव्हा तुकड्याचं पुढे काय होणार हे विचारून घ्या. तो हक्क अशा अन्यायांमधून उभा राहिलेला आहे.

1956 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी या पेशींवर एक्स-रेचा प्रयोग केला. बशीत मोजून पेशी पसरायच्या आणि थांबायचं. जी पेशी विभागत राहते तिची आठ-दहा दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत होते. रंग टाकला की ठिपके उठून दिसतात, ते मोजायचे. मग तशाच बशांना वाढत्या प्रमाणात एक्स-रे द्यायचे आणि किती ठिपके कमी झाले ते पाहायचं. ठिपका न झालेली पेशी लगेच मेलेली नव्हती. ती जिवंत होती, फुगून मोठी झाली होती, फक्त तिची विभागणी बंद पडली होती. म्हणूनच शेवटच्या शेकाच्या दिवशी गाठ पुरती गेली की नाही ते सांगता येत नाही. आतल्या पेशी विभागायला जातात आणि तिथे अडून मरतात, याला आठवडे लागतात. डॉक्टर थांबून तपासतात ते याचसाठी.

ठिपके मोजून जो आलेख निघाला तो आजही रेडिएशनच्या प्रत्येक पुस्तकात असतो. किरण पेशीतला डीएनए तोडतात. 1 ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढ्या मात्रेत एका पेशीत डीएनएची एक बाजू सुमारे हजार ठिकाणी तुटते, आणि दोन्ही बाजू एकदम तुटतात त्या तीस-चाळीस ठिकाणी. एका बाजूची तूट पेशी सहज सांधते. दोन्ही बाजूंची सांधताना चुकते आणि त्यातच संपते. मात्रा थोडी असेल तर बऱ्याच पेशी सावरतात, पुढे मात्र आलेख झपकन खाली येतो. 1959 मध्ये मॉर्टिमर एल्किंड आणि हॅरिएट सटन यांनी हॅमस्टरच्या पेशींवर दाखवलं की एकच मात्रा दोन भागांत, मध्ये काही तास ठेवून दिली तर जास्त पेशी वाचतात. मधल्या वेळात दुरुस्ती होते.

रोजच्या शेकाचं कारण इथे आहे. निरोगी पेशी ही दुरुस्ती कॅन्सरच्या पेशींपेक्षा बरी करतात. गर्भाशयाच्या पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, वर आतडी. 45 ते 50 ग्रे एका दिवशी दिले तर गाठीबरोबर हे सगळं जळून भोकं पडतील. तेच रोज 2 ग्रेच्या आसपास दिलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत निरोगी भाग बराच सावरलेला असतो, गाठ तेवढी सावरत नाही.

आता दिवस बुडवल्यानं काय होतं त्याचा ढोबळ हिशेब करू. एका घन सेंटिमीटरच्या गाठीत 100 कोटीपर्यंत पेशी असू शकतात. एका शेकात निम्म्या निकामी होतात असं धरलं तर 25 शेकांनंतर साधारण 30 उरतात. 20 शेकांनंतर? साडेनऊशेच्या वर. शेवटचे पाच दिवस, जेव्हा बाईला बरं वाटत असतं आणि गाठ हाताला लागत नसते, तेच पाच दिवस साडेनऊशेच्या तीस करतात. त्या तीससाठी पुढे आतून शेक असतो, ज्याला ब्रेकीथेरपी म्हणतात, आणि जोडीला आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाची सलाईन. शिवाय तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी अधिक वेगानं विभागायला लागतात. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो. त्यापुढे लांबलेल्या दर दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्यानं घटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, रस्ते बंद झाले. तसं काही झालं आणि खाडा पडलाच, तर घरी गप्प बसू नका, रेडिएशन युनिटला फोन करा. राहिलेली मात्रा भरून काढायचे मार्ग त्यांच्याकडे असतात. आणि एक गैरसमज जायला हवा: बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही.

बशीत मात्र एक गोष्ट दिसली नसती. बशीतल्या पेशीला भरपूर ऑक्सिजन मिळतो. गाठीत तो रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकाही पुरता पोचत नाही. 1953 च्या सुमारास ब्रिटनमध्ये एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिजनविना पडलेल्या पेशींना मारायला अडीच ते तीनपट किरण लागतात. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यात महिनोन्महिने रक्त गेलेलं. शेक सुरू होण्याआधी रक्ताची बाटली का चढवतात, याचं एक कारण हे. बशीतला नियम खरा होता, पण शरीरात तो लागू व्हायला आणखी काही लागत होतं.

हेला पेशींत पुढे आणखी एक गोष्ट सापडली. 1980 च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं दाखवलं की या पेशींच्या डीएनएतच पॅपिलोमा विषाणूच्या 18 क्रमांकाच्या प्रकाराचा तुकडा शिवला गेलेला आहे. पेशी विभागली की तुकड्याचीही नक्कल होते. कॅन्सर त्यानंच सुरू केला होता. या कामाला 2008 चं नोबेल मिळालं, आणि मुलींना आज मिळणारी लस त्यातूनच आली.

डीएनएत बसलेला विषाणू ही कल्पना धरून ठेवा, कारण डुकराच्या अवयवांचा सगळा वाद त्यावर उभा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला बसणाऱ्या माणसाच्या घरी आता हा विषय निघतो: डुकराची किडनी बसवतात म्हणे. भारतात 1997 मध्ये आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना अटक झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबिन वाइस यांच्या गटानं बशीत वेगळीच गोष्ट पाहिली. डुकराच्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत पिढ्यान्‌पिढ्या आलेले रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या डीएनएत स्वतःची नक्कल घुसवणारे विषाणू, असतात. गोठा कितीही स्वच्छ ठेवा, ते जात नाहीत. डुकराच्या पेशींशेजारी माणसाच्या किडनीच्या पेशी वाढवल्या, तर ते विषाणू माणसाच्या पेशींत शिरले. जगभरचे प्रयोग धास्तीनं थबकले. ही भीती रास्त होती. 1998-99 मध्ये मलेशियात निपाह विषाणू डुकरांमधून माणसांत आला आणि शंभरावर माणसं दगावली. आणि आपल्या साताऱ्यात, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला 2020 मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या आहेत. प्राण्याचा विषाणू एका रुग्णात शिरला तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही.

पण ज्यांच्या अंगात डुकराच्या पेशींचा काही ना काही उपचार आधी झाला होता, अशा 160 जणांची तपासणी 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या रेट्रोव्हायरसची लागण एकालाही नव्हती. बशीत शिरणारा विषाणू शरीरात शिरलेला दिसला नाही.

आणि नुकसान आलं ते भलत्याच बाजूनं. 7 जानेवारी 2022 ला, पुन्हा बाल्टिमोरमध्येच, मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 57 वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांना जनुकांत 10 बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. कित्येक आठवडे ते उत्तम चाललं. मग रक्तात डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या, रेट्रोव्हायरसहून वेगळ्या विषाणूच्या खुणा दिसल्या, आणि 8 मार्चला बेनेट गेले. मृत्यूचं एकच कारण ठरलं नाही. ते आधीच फार खालावलेले होते, उपचारात दिलेल्या प्रतिपिंडांचाही (विषाणूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) हात असावा असं डॉक्टरांनी लिहिलं. तरी या विषाणूकडे दुर्लक्ष करता येत नाही. तो माणसाच्या पेशींत शिरतो असं दिसलेलं नाही. तो बसवलेल्या हृदयातच राहिला, तिथेच वाढला. नाकातल्या स्वॅबची तपासणी निगेटिव्ह आली होती, कारण विषाणू शरीरात आत दबा धरून बसला होता. बबून माकडांवरच्या प्रयोगांत जर्मन शास्त्रज्ञांनी आधीच पाहिलं होतं की या विषाणूची लागण झालेली डुकराची हृदयं फार लवकर निकामी होतात. माणसाच्या पेशीला लागण होते का, एवढंच विचारून भागणार नव्हतं. बसवलेल्या अवयवाचं काय होतं, हेही विचारायला हवं होतं.

मार्च 2024 मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना बसवलेली किडनी ज्या डुकराची होती, त्याच्या डीएनएत 69 बदल होते. त्यातले 59 फक्त ते रेट्रोव्हायरस निकामी करण्यासाठी. स्लेमन मे महिन्यात गेले. प्रत्यारोपणामुळे गेल्याची चिन्हं नाहीत, असं हॉस्पिटलनं सांगितलं. सायटोमेगॅलोव्हायरसवर उपाय त्यामानानं साधा आहे: पिल्लं जन्मताच आईपासून वेगळी वाढवायची आणि नाकातल्या स्वॅबवर न थांबता रक्तातली प्रतिपिंडंही तपासायची. असा अवयव घेणाऱ्याचे रक्ताचे नमुने त्यामुळे आयुष्यभर घेतले जातात, आणि विषाणू बाहेर गेला तर कळावा म्हणून त्याच्या जवळच्या माणसांवरही लक्ष ठेवलं जातं.