सिल कापण्याआधी दाराची फट बघा

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यातल्या पुष्कळ आजही चालतात, आणि घरच्या गॅरेजात त्यांचं पत्र्याचं काम करणारे हौशी लोक ब्रिटनमध्ये भरपूर आहेत. (आपल्या रस्त्यांवरच्या आजच्या एमजी गाड्यांचं तिच्याशी नातं बिल्ल्यापुरतंच.) नवे पत्रेही मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी कारखान्याचे जुने साचे वापरून ते बनवते. 1988 पासून तर अख्खी बॉडीच मिळू लागली.

पुढचं मडगार्ड बोल्टांवर बसलेलं असतं. गंजलेले बोल्ट सुटले की निम्मं काम झालं. माणसाचा कस लागतो तो सिलमध्ये, म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पेटीत. ते गंजलं की कापून काढायचं आणि नवं वेल्ड करायचं.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. उघड्या मॉडेलला छप्परही नाही, त्यामुळे बॉडी वाकू-पिळू न देण्याचं काम मुख्यतः दोन्ही सिल आणि मधला बोगदा (दोन सीटांमधला फ्लोअरचा लांब उंचवटा) यांच्यावर येतं. कॅलेंडर ज्यात येतं ती पुठ्ठ्याची नळी पिळून बघा, मग तिला लांबीत एक चीर देऊन पुन्हा पिळा. चिरलेल्या कडा एकमेकींवरून सरकतात आणि नळीतला दमच निघून जातो. 5 सेंटिमीटर व्यासाच्या, 1 मिलिमीटर जाड पत्र्याच्या नळीसाठी गणित केलं, तर चिरल्यावर पिळाविरुद्धचा ताठपणा जवळपास दोन हजारावा हिस्सा उरतो! सिलचा बाहेरचा पत्रा कापणं म्हणजे अशीच चीर देणं. गाडीत आतली भिंत आणि फ्लोअर शाबूत असतात म्हणून घसरण एवढी होत नाही. पण मधोमध दोन-चार मिलिमीटरची झोळ आली तरी दार लागेनासं होतं, आणि तशीच वेल्डिंग केली तर ती झोळ कायमची.

म्हणून कापण्याआधी दाराच्या चहूबाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी पाइपचा आधार पक्का करायचा. गाडीचं वजन सस्पेन्शनवरच राहू द्यायचं. नुसती मधोमध जॅकवर उचललेली बॉडी दोन्ही टोकांना खाली कलते. एक बाजू पुरती झाल्याशिवाय दुसरीला ग्राइंडर लावू नये. लेसरचं माप कुणाकडे असलं तर छानच, पण माझ्या मते दार हेच इथलं सर्वांत भरवशाचं मोजमापाचं साधन आहे. नवं सिल आधी क्लॅम्पने धरायचं, दार लावून बघायचं, टॅक (वेल्डिंगचे छोटे कच्चे टाके) मारायचे, पुन्हा दार लावून बघायचं.

पुढचा शत्रू उष्णता. 1 मीटर पोलाद 100 अंशांनी तापलं तर सुमारे 1.2 मिलिमीटर वाढतं. सगळा पत्रा सारखाच तापला असता तर तो निवल्यावर मूळ मापावर आला असता. वेल्डिंगमध्ये मात्र एक ठिपका 1500 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि शेजारचा पत्रा थंडच असतो. तापून मऊ झालेल्या धातूला पसरायचं असतं, थंड शेजारी जागा देत नाही, मग तो तिथल्या तिथे दबून जाड होतो. निवताना तो आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढून घेतो. लांबच लांब वेल्ड एका दमात मारली की पत्रा लाटा का धरतो, ते यावरून कळेल. उपाय कंटाळवाणा आहे: इथे एक टाका, हातभर अंतरावर दुसरा, मग थांबायचं. जिथे कारखान्याने स्पॉट वेल्ड केलं होतं, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडले होते, तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरून घेतात.

जोडाच्या दोन पत्र्यांमध्ये वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर आधीच लावावा. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. मात्र तापलं की त्याचा धूर अंगात ताप आणतो, गॅरेजची दारं-खिडक्या उघडी हवीत. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी जोडाच्या फटीत अडकतं, आत ऑक्सिजन कमी पडतो आणि नेमकं तिथलंच लोखंड खाल्लं जातं. काम झाल्यावर पोकळीत मेण फवारायचं ते यासाठीच. सिलच्या तळाला जी दातेरी पट्टी असते, तिच्या खाचांतून पाण्याचा निचरा होतो. चकचकीत दिसावं म्हणून त्या खाचा सीलंटने बुजवणारे महाभाग आहेत. त्यांचं सिल पुन्हा आतूनच सडतं.